हॉट रॉडला मफलर निवडताना

रोज रस्त्यावर पळणाऱ्या जुन्या हॉट रॉडला (ताकदीसाठी बदललेल्या जुन्या गाडीला) मफलर, म्हणजे सायलेन्सर, घेताना नुसत्या आयडलच्या (उभ्या गाडीत चालू इंजिनाच्या) आवाजावर भाळू नका. खरी डोकेदुखी 1800 ते 2200 आरपीएमला सुरू होते: केबिनमध्ये एकसुरी घुमणं.

ग्लासपॅक, म्हणजे सरळ नळीभोवती फायबरग्लास भरलेला मफलर, स्वस्त, बारीक, चेसिसखाली सहज बसतो. पण आतलं फायबरग्लास जळत, उडत जातं आणि आवाज वाढतच राहतो. चेंबरवाल्या मफलरला (आत पत्र्याचे कप्पे) असं भरणच नसतं, म्हणून आवाज टिकतो. घुमतो मात्र तोच जास्त. लांब पल्ल्याला इंग्रजी एस वळणाच्या नळ्यांचा टर्बो मफलर बरा. मफलरची केस (बाहेरचं कवच) जागेत मावेल तेवढी लांब घ्या.

साधारण 300 हॉर्सपॉवरच्या व्ही-8 ला दुहेरी सव्वादोन किंवा अडीच इंची पाइप पुरतो. तीन इंची लावून फक्त गोंगाट वाढतो. दोन्ही पाइप एच-पाइपने (मधल्या आडव्या नळीने) जोडा. जागा शोधायची जुनी युक्ती: पाइपवर साध्या रंगाचा पट्टा ओढा, गाडी पळवा, रंग जिथे जळायचा थांबतो तिथे जोड.

पाइप टांगायचे हँगर रबरीच हवेत, नाहीतर थरथर थेट बॉडीत उतरते. आणि टेलपाइप (धूर सोडणारं शेवटचं टोक) केबिनच्या मागे, बॉडीबाहेर काढा. फरशीला भोकं असलेल्या जुन्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, त्याला वासही नसतो.