वर्गांक पाठ न करता शिकायचे असतील तर

ग्रंथालयात पुस्तकं विषयानुसार लावायच्या ड्यूई पद्धतीत प्रत्येक विषयाला एक आकडा असतो, तो वर्गांक. या आकड्यांचे तक्ते वाचून डोक्यात राहत नाहीत. उलटीकडून शिका.

१. घरातली, वाचलेली दहाएक पुस्तकं काढा. प्रत्येकाचा वर्गांक आणि विषयशीर्षकं (पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगणारे ठरावीक शब्द) आधी स्वतः लिहा, चुकली तरी चालतील.

२. मग अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत (कॅटलॉगमध्ये) तेच पुस्तक शोधा (मराठी नाव रोमन लिपीत टाका) आणि नोंद मार्क (MARC) स्वरूपात उघडा; त्यात प्रत्येक माहितीच्या रकान्याला क्रमांक असतो. 082 मध्ये ड्यूई वर्गांक, 650 मध्ये विषय, 651 मध्ये स्थळ.

३. फरक पडला तर वर्गांक तोडून बघा. 891.46 मराठी साहित्य; पुढे 1 लावला की कविता, 2 नाटक, 3 कथा-कादंबरी. 954.792 मध्ये 954 भारताचा इतिहास आणि 792 ने महाराष्ट्र. ही जोडणी एकदा कळली की निम्मं काम झालं. मराठी नोंदींत 082 बरेचदा नसतो. मग त्याच विषयाचं इंग्रजी पुस्तक घ्या.

जुन्या नोंदीतलं शीर्षक मात्र डोळे झाकून उचलू नका. स्वयंपाकाच्या पुस्तकांचं ‘कुकरी’ 2010 मध्ये बदलून ‘कुकिंग’ झालं, तरी अनेक ग्रंथालयांच्या नोंदींत जुनंच सापडतं. चालू रूप लायब्ररी ऑफ काँग्रेसच्याच अधिकृत शीर्षक-यादीत तपासा. ती ऑनलाइन फुकट आहे.