रेंज चार-चार दिवस गेली तर गिऱ्हाईक कसं टिकवायचं

हे मोठ्या कंपन्यांसाठी नाहीये, त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत. हे आपल्यासारख्यांसाठी, म्हणजे श्रीवर्धन-दापोली-गुहागरपासून खाली देवगड-मालवणपर्यंत ज्यांचं रिचार्ज-सिमचं दुकान आहे किंवा जे गावात फायबरची लाईन चालवतात त्यांच्यासाठी. टॉवर बंद पडला की शिव्या मुंबईतल्या साहेबाला पडत नाहीत, आपल्या काउंटरवर पडतात. लोकांच्या लेखी कंपनी म्हणजे आपणच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गिऱ्हाईक रेंज गेलेली असताना जात नाही, ते रेंज परत आल्यावर जातं. साधं कारण आहे, पोर्ट मारायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, तर १९०० वर मेसेज टाकावा लागतो, नेटवर्कच नाही तर मेसेज जाणार कसा नि तो आठ अक्षरी कोड येणार कुठून. म्हणून ते चार दिवस सगळं शांत वाटतं, लोक वैतागतात, बडबडतात नि घरी जातात. मग रेंज येते, आपण हुश्श करतो आणि गळती खरी तिथून सुरू होते.

त्यातही पोर्ट करणारे कमीच. बहुतेक लोक दुसऱ्या कंपनीचं सिम घेतात, ते पहिल्या स्लॉटमध्ये टाकतात आणि आपलं सिम दुसऱ्यात सरकवतात, कारण बँक, आधार, गॅस सगळं त्या जुन्या नंबरावर आहे. कंपनीच्या कागदावर हे गिऱ्हाईक जिवंत दिसतं. पण काउंटरवर बसणाऱ्याला कळतं. जो माणूस न विचारता ८४ दिवसांचा पॅक मारायचा तो आता म्हणतो, "ह्या नंबराला फक्त चालू राहील एवढंच मार रे." हे ऐकलंत की समजा, माणूस गेला, नंबर तेवढा राहिलाय.

आता तयारी. ती मे महिन्यातच करायची, पाऊस लागल्यावर नाही. एक जाड वही घ्या, कागदाची. आपली सगळी गिऱ्हाइकं मोबाईलमध्ये नाहीतर कंपनीच्या ॲपमध्ये असतात आणि नेमकं लागेल तेव्हा ते ॲप उघडत नाही. वहीत वाडीप्रमाणे नावं लिहा, घरात दुसऱ्या कंपनीचा नंबर कोणाकडे आहे ते लिहा, आणि मुंबई-पुण्याला असलेल्या मुलाचा नंबर. आई-बाबांचा फोन लागत नाही म्हणून तिकडे जीव टांगणीला लागतो आणि "बाबा, ते सिम बदला" हा निर्णय डोंबिवलीत बसून होतो, गावात नाही, हे दुकानदार कायम विसरतात. ज्याला दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून एक निरोप गेला की "आई ठीक आहेत, टॉवर बंद आहे, रेंज आली की फोन करतील", तो मुलगा लगेच सिम बदलायच्या मागे लागत नाही.

वहीत एक खूण आणखी करा, कोणाचा धंदा फोनवर आहे. होमस्टेवाले, बागायतदार, हर्णैच्या लिलावाला जाणारे मासळीवाले, रेशन दुकानदार. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्यांची ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते नि पैसे यूपीआयने, तेव्हा दोन दिवस रेंज नसणं म्हणजे पिकलेला माल घरात बसणं. ह्या लोकांना घरगुती गिऱ्हाइकासारखं वागवू नका, त्यांच्याकडे स्वतः जा.

तिसरं काम वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून फोन लावणं. ज्याच्या घरी फायबर आहे त्याच्या फोनमध्ये हे सेटिंग चालू करून द्या, दोन मिनिटांचं काम आहे, पैसे मागू नका. टॉवर मेला पण फायबर जिवंत आणि घरात इन्व्हर्टर असेल तर कॉल लागतो. पण खरं काय ते पण सांगा, टॉवर नि घरचं फायबर एकाच केबलवर असतील आणि रस्त्याच्या कामात जेसीबीने ती केबल तोडली तर दोन्ही एकदम जातात. मुंबई-गोवा हायवेची कामं बघत मोठे झालेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

रेंज गेली की पहिल्या तासात काय करायचं? कारण शोधायचं. लाईट गेलीय आणि टॉवरची बॅटरी संपलीय, की केबल तुटलीय, की वरचं काही बसलंय. टॉवरखालच्या घरवाल्याला जनरेटर चालू आहे का विचारा. जनरेटर बंद असेल तर डिझेल पोचेपर्यंत टॉवर येत नाही, आणि घाटात दरड आली असेल तर डिझेलही येत नाही. फायबरचं असेल तर घरोघरच्या डब्यावर लाल लाईट लुकलुकते का बघा, एका वाडीत लाल नि दुसऱ्या वाडीत हिरवी असेल तर तूट मधे कुठेतरी आहे, मग शोधायला सोपं.

कारण कळलं की पाटी लावा. आमच्याकडे एका दुकानदाराने शाळेतला जुना फळा पायरीवर ठेवला होता आणि खडूने लिहिलं होतं: "केबल तुटली आहे. जागा सापडली. जोडणारी माणसं चिपळूणवरून निघाली. हे सकाळी १० ला लिहिलं. पुढची बातमी दुपारी २ ला, बातमी नसली तरी लिहीन." बस्स. दोनला खरोखर लिहिलं, "माणसं अजून पोचली नाहीत." लोक वाचून परत जात होते, आत येऊन भांडत नव्हते. त्या फळ्यावर रेंज कधी येईल ते कुठेच नव्हतं, ते मुद्दाम. "संध्याकाळपर्यंत येईल" हे आपण माणसाला बरं वाटावं म्हणून बोलतो, पण संध्याकाळी रेंज आली नाही की तो बिघाड कंपनीचा राहत नाही, खोटं तुम्ही बोललात असं होतं.

ह्याचं मोठं उदाहरण ब्लॅकबेरी ही फोनची कंपनी. ज्यांनी तिचं बीबीएम, म्हणजे मेसेज पाठवायचं ॲप, वापरलंय त्यांना आठवेल, १० ऑक्टोबर २०११ ला सेवा कोसळली, युरोप, आखात, आफ्रिका, आपल्याकडे भारतात, आणि मग बुधवारी अमेरिकेत पण. ब्लॅकबेरीचे मेसेज-मेल सगळे कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरमधून जायचे, तिथला एक मुख्य स्विच बसला, त्याच्या जागी जो पर्यायी चालू व्हायला हवा होता तो झाला नाही आणि मेसेज तुंबत गेले. सगळं सुरळीत व्हायला गुरुवार उजाडला. पहिले दोन-तीन दिवस कंपनीने धड काही सांगितलं नाही, मोठ्या साहेबांचा माफीचा व्हिडिओ गुरुवारी आला. भरपाई म्हणून नंतर शंभर डॉलरची ॲप्स फुकट दिली. आणि नेमकं त्याच आठवड्यात ॲपलने बीबीएमसारखंच आयमेसेज चालू केलं नि आयफोन ४एस बाजारात आणला. त्या एका बिघाडाने ब्लॅकबेरी बुडाली असं मी म्हणणार नाही, ती आधीच घसरत होती, पण जे जाऊ की नको करत होते त्यांना कारण मिळालं. लोक ब्लॅकबेरीला चिकटून होते ते भरवशासाठी, दिसण्यासाठी नाही, आणि नेमका भरवसाच चार दिवस बंद होता.

भरपाईचं पण तसंच. ऑस्ट्रेलियात ८ नोव्हेंबर २०२३ ला ऑप्टस कंपनीचं नेटवर्क जवळपास चौदा तास बंद होतं, कंपनीने नंतर २०० जीबी डेटा फुकट दिला. ज्याचा दिवसाचा गल्ला बुडाला त्याला डेटा देणं म्हणजे पंगत उठल्यावर पत्रावळ वाढणं. बाराव्या दिवशी कंपनीच्या मुख्य अधिकारी बाईंनी राजीनामा दिला. कॅनडात जुलै २०२२ मध्ये रॉजर्स कंपनीचं नेटवर्क बंद पडलं तेव्हा तिथले इंटरॅकचे, म्हणजे तिथल्या कार्ड नि पैसे पाठवायच्या यंत्रणेचे, पेमेंट पण अडकले, त्यांनी पाच दिवसांचे पैसे बिलातून वळते केले. हे मला जास्त बरं वाटतं, सरळ पैशात, न मागता.

तुम्ही फायबर चालवत असाल तर हेच करा. जितके दिवस लाईन बंद, तितके दिवस पुढे वाढवून द्या आणि वर एखादा दिवस. पण गिऱ्हाइकाने मागायच्या आधी. मागितल्यावर दिलेले दिवस तो आपण मिळवले म्हणून सांगतो, न मागता दिलेले असले तर तुमचं नाव घेतो.

मोबाईलचं आपल्या हातात नाही. पण नियम माहीत असू द्या. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ मध्ये आणलेल्या नियमांत जिल्हा पातळीवर नेटवर्क २४ तासांच्या वर बंद राहिलं तर पोस्टपेडला बिलात सूट आणि प्रीपेडला व्हॅलिडिटी वाढवून द्यायची तरतूद आहे. मात्र नैसर्गिक आपत्तीने बंद पडलं तर ती लागू नाही, आणि आपली एकच खाडी नि चार वाड्या बंद असतील तर तो जिल्हा होत नाही. म्हणजे कोकणात हा नियम हातात घेऊन भांडायची वेळ कमीच येईल, गिऱ्हाइकाला उगाच आशा लावू नका. त्याऐवजी १९८ वर तक्रार करायला लावा, तक्रार क्रमांक कागदावर लिहून घ्या, दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत फुकट अपील करता येतं. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज लिहिण्यात दिवस घालवू नका.

वादळाचं वेगळं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड बाजूला कित्येक दिवस ना लाईट ना रेंज, लोक सड्यावर चढून फोन लावत होते. अशा वेळी कोणी कंपनीवर रागावत नाही, सगळ्यांचंच गेलेलं असतं. राग येतो तो शेजाऱ्याची रेंज आधी येते तेव्हा. मोठ्या आपत्तीत इंट्रा सर्कल रोमिंग चालू केलं जातं, म्हणजे आपल्या सिमवर दुसऱ्या कंपनीचा टॉवर पकडता येतो, फोनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक काढून हाताने निवडून बघायचं. हे दाखवून देणारा दुकानदार लोक विसरत नाहीत. दुकानात इन्व्हर्टर असेल तर चार्जिंगचं बोर्ड पण बाहेर काढा, पैसे न घेता.

आता रेंज आली. इथे बहुतेकजण दुकान झाडून मोकळे होतात आणि इथेच खरं काम आहे. वही घ्या, धंदेवाल्यांकडे आधी जा. होमस्टेवाल्याला विचारा कुठलं बुकिंग गेलं, यूपीआयचं काही अडकलं का, आणि ऐकून घ्या, मधे कंपनीची बाजू मांडू नका. मग स्वतःहून सांगा की दुसऱ्या स्लॉटला वेगळ्या कंपनीचं छोटं सिम ठेव. हो, मीच सांगतो. तो ते करणारच आहे, तुमच्याकडून केलं तर निदान दोन्ही रिचार्ज तुमच्याकडे राहतात, आणि तुम्ही सांगितलेलं असलं की आपलं सिम पहिल्या स्लॉटमध्ये राहायची शक्यता जास्त.

कोणी पोर्टच करायचं म्हणाला तर अडवू नका, तोंड वाकडं करू नका. फक्त नीट समजवा. आताच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल बाकी नको, सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. आणि पॅकचे जे दिवस उरलेत ते नव्या कंपनीत जात नाहीत, म्हणून पॅक संपत आला की मग कर. अर्धेजण हे ऐकून पॅक संपेपर्यंत थांबतात, आणि थांबलेल्यातले बरेच राग उतरल्यावर परत तोच पॅक मारतात. जे तरीही जातात त्यांना बदलाच्या दिवशी बँकेचा ओटीपी, गॅसचं बुकिंग असली कामं आदल्या दिवशी उरकून घ्यायला सांगा, मधे काही तास जुनं नि नवं दोन्ही सिम बंद असतात.