जहाजावर निघताय? आधी पिवळ्या तापाचं कार्ड बघा

लातूर, बीड, नांदेडकडून जहाजाच्या नोकरीला निघालेल्या पोरांनी पिवळ्या तापाची लस शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. कार्ड वैध धरलं जातं ते टोचल्यापासून 10 दिवसांनी. वैध कार्ड नसताना आफ्रिकेतल्या वा दक्षिण अमेरिकेतल्या साथीच्या देशांतून परतलात, तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात. घरी दिवाळी, तुम्ही मुंबईत अडकलेले.

लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, गल्लीतल्या दवाखान्यात नाही. अंड्याची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. कार्ड मिळालं की तिथंच उभं राहून नाव आणि नंबर पासपोर्टशी ताडा, बॅच क्रमांक, सही, शिक्का बघा. नंतर दुरुस्तीसाठी पुन्हा रात्रभराचा प्रवास कोण करणार? जुन्या कार्डावर 10 वर्षांची मुदत छापलेली असली तरी घाबरू नका; जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं.

काम जहाजाच्या स्वयंपाकघरात असेल तर एक लक्षात ठेवा. जहाजाचं स्वच्छता प्रमाणपत्र 6 महिन्यांचंच असतं, त्यामुळे तपासणी येतच राहते. अधिकारी चकचकीत ओट्याला भुलत नाही. तो पिठाची पोती सरकवून उंदराच्या लेंड्या शोधतो, फ्रीजच्या तापमानाची वही मागतो. ती वही रोजच्या रोज भरा.