बॉक्स-पेपर नसलेलं महागडं सेकंडहँड घड्याळ घेताय? या चुका टाळा

२२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी घुसलं आणि त्यानंतर दोन-तीन वर्षं आमच्याकडे कुठल्याही वस्तूचं बिल मागितलं की एकच उत्तर मिळायचं, "पुरात गेलं". गाडीचं सर्व्हिस बुक पुरात गेलं, फ्रिजची वॉरंटी पुरात गेली, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ते खरंच असायचं. आमच्या घरी तळमजल्यावर छातीभर पाणी होतं, लग्नाचे अल्बम आम्ही गच्चीवर पापडासारखे वाळत घातले होते. त्यामुळे त्याच गणपतीत ओळखीच्या ओळखीतून एक ओमेगा सीमास्टर बघायला आलं, ते निळ्या लाटांच्या डायलचं जुनं मॉडेल, नुसतं घड्याळ, ना बॉक्स ना वॉरंटी कार्ड, आणि विकणारा म्हणाला की पुरात गेलं, तेव्हा मी पुढे एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. १ लाख ३५ हजार मोजले.

चार महिने मस्त चाललं. मग रोज पाच मिनिटं मागे पडायला लागलं, मग एक दिवस बंद. आमच्या घड्याळवाल्या काकांनी मागचं झाकण उघडलं, आयग्लास डोळ्यालाच लावून थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अरे, ह्याच्यात गाळ आहे."

पूर खरा होता. बॉक्स बुडाला तेव्हा घड्याळपण बुडालं होतं, एवढंच मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तर हे सगळं त्या अनुभवानंतर लिहितोय. बॉक्स-पेपर नसणं हा काही गुन्हा नाही, आपल्या कोकणात तर मुळीच नाही. घरटी एक माणूस कुवेत, दुबई नाहीतर बोटीवर, त्याने नव्वदच्या दशकात आणलेलं घड्याळ हातात राहिलं आणि बॉक्स माळ्यावर, आणि माळ्यावरच्या वाळवीला स्विस कागद आणि सातबारा ह्यातला फरक कळत नाही. पण अशी पटणारी गोष्ट ऐकली की आपण घड्याळ तपासायचंच सोडून देतो. माझं तेच झालं आणि मला फोन करणाऱ्या दहातल्या सात जणांचं तेच होतं.

गोष्ट आणि घड्याळ जुळतंय का ते न बघणं

विकणारा सांगतो "काकांनी ९८ साली कुवेतहून आणलेलं". ठीक आहे, काका खरे असतील, पण घड्याळ काय म्हणतंय ते बघा ना. रोलेक्सचंच घ्या. जुन्या रोलेक्सला सिरियल नंबर सहाच्या बाजूला दोन लग्जच्या (केसचे पट्टा अडकवायचे कान) मध्ये, पट्ट्याच्या मागे कोरलेला असतो, आणि मॉडेलचा नंबर बाराच्या बाजूला. म्हणजे चेन काढल्याशिवाय दोन्ही नंबर दिसत नाहीत. साधारण २००५ पासून हा सिरियल काचेच्या आतल्या गोल कड्यावर यायला लागला, जिथे रोलेक्स-रोलेक्स असं गोल फिरून कोरलेलं असतं. काचेवर सहाच्या वर तो बारीकसा लेझरचा मुकुट असतो, तोही २००२ च्या आसपासचा. मग ९८ सालच्या घड्याळाच्या आतल्या कड्यावर नावं कोरलेली असतील तर काका तरी चुकतायत नाहीतर घड्याळ तरी. तसंच रोलेक्सची स्टीलची तारीखवाली सबमरीनर चकचकीत सिरॅमिक बेझलसकट (काचेभोवतीचं बाहेरचं कडं) कोणी २००४ ची म्हणून दाखवली तर हसून चहा प्या आणि घरी या, ती २०१० मध्ये आली.

"चेन काढून दाखवा" म्हटल्यावर जो माणूस "नको हो, स्क्रॅच पडेल" म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका. पाच मिनिटांचं काम आहे ते. नंबर खरवडलेला किंवा घासून गुळगुळीत झालेला असेल तरीपण नको, कितीही स्वस्त असलं तरी.

आणखी एक प्रश्न आहे जो मला फार आवडतो, "काढलेल्या कड्या कुठेत?" नवीन घड्याळ घेतल्यावर चेन मनगटाला बसवायला दोन-तीन कड्या काढतातच, आणि आपल्याकडे लोक बॉक्स फेकतील पण स्टीलची कडी फेकणार नाहीत, ती देवघराच्या ड्रॉवरमध्ये नाहीतर सुट्ट्या बटणांच्या डब्यात सापडते. खऱ्या मालकाकडे कड्या असण्याची शक्यता बरीच असते. आणि कागद नसले तरी फोटो असतात. मागे खेडला एका भाईंच्या घरी रोलेक्सची डेटजस्ट बघायला गेलो होतो, कागद शून्य, पण त्यांच्या वहिनींनी मुलीच्या बारशाचा अल्बम काढला, त्यात भाईंच्या हातात तेच घड्याळ, डायलवर तीनच्या खाली तोच बारीक डाग. दुकानदाराच्या शिक्क्यापेक्षा मला तो फोटो जास्त पटला.

बॉक्स मिळाला म्हणून खूश होणं

हे उलट्या बाजूचं. रिकामे बॉक्स वेगळे विकत मिळतात, खरेसुद्धा आणि फर्स्ट कॉपीसुद्धा, कार्डंपण छापून मिळतात. त्यामुळे "फुल सेट" (घड्याळ, बॉक्स, कार्ड सगळं) म्हटलं तरी कार्डावरचा नंबर आणि घड्याळावरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवायचा. आणि कागद म्हणजे देववाक्य असं समजणाऱ्यांसाठी, २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक जुनं ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, आणि २०२३ मध्ये कळलं की ते इकडचे-तिकडचे पार्ट जोडून बनवलेलं होतं आणि त्यात कंपनीच्याच जुन्या माणसांचा हात होता असं कंपनीनेच सांगितलं. तिथे एवढे जाणकार बसलेले असताना हे होतं, मग आपण स्टेशनबाहेर तुतारी एक्स्प्रेसची वाट बघत व्यवहार करणार!

जुन्या घड्याळांसाठी काही कंपन्या आपल्या रेकॉर्डमधून दाखला देतात, पाटेक देते, लाँजीन देते. रोलेक्स असा दाखला देत नाही, त्यामुळे "मी कंपनीकडून मागवून देतो नंतर" असं रोलेक्सबद्दल कोणी म्हणालं तर समजून जा.

डायल नवीनासारखा दिसतोय म्हणून जास्त पैसे देणं

पन्नास वर्षांचं घड्याळ, कोकणातल्या दमट हवेत राहिलेलं, आणि डायल काल छापल्यासारखा? तो बहुतेक कालच छापलाय. मुंबईत जुनी फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड, सायको, एचएमटी घड्याळं डायल रंगवून विकायचा धंदा एवढा जुना आहे की बाहेरच्या देशातले शौकीन अशा घड्याळांना "मुंबई स्पेशल" म्हणतात. ओमेगाचंही हेच होतं. अक्षरांच्या कडा आयग्लासखाली बघा, रंगवलेल्या डायलवर अक्षरं जाडी, फुटलेली, मिनिटांच्या रेघा वाकड्या.

अंधारातली परीक्षा तर फुकट आहे. डायलच्या तळाशी स्विस शब्दाच्या दोन्ही बाजूंना टी असेल तर त्यावर ट्रिटियम आहे, म्हणजे अंधारात चमकवणारा जुना किरणोत्सारी पदार्थ. ट्रिटियमचं अर्धं आयुष्य साधारण १२.३ वर्षं (तेवढ्या काळात ते निम्मं उरतं), म्हणजे नव्वदीतलं घड्याळ आता जवळजवळ विझलेलं पाहिजे. ते जर टॉर्च मारल्यावर हिरवंगार होऊन रात्रभर चमकत राहिलं तर कोणीतरी वरून नवीन रंग भरलाय. रंग भरणं पाप नाही, पण मग ओरिजिनल डायलचा भाव देऊ नका.

पॉलिशचं तसंच, लग्जच्या धारदार कडा गोल झालेल्या असतील तर घड्याळ दोन-चारदा घासलंय. मला स्वतःला ओरखडे चालतात, गुळगुळीत साबणाची वडी चालत नाही.

"चालतंय ना, मग झालं"

ही माझी चूक, म्हणून ह्यावर जरा जास्त बोलतो. पाणी गेलेलं घड्याळ वाळवून, थोडं तेल सोडून काही महिने चालवता येतं. बाहेरून दिसणाऱ्या खुणा असतात पण: काट्यांच्या मधल्या पिनेभोवती तांबूस कडा, डायलच्या काठाला फुगवटे किंवा बुरशीसारखे ठिपके, तारखेच्या चाकावर पिवळट डाग, आणि चावी बाहेर ओढताना खरखर. घड्याळ थोडा वेळ हातात घालून कोमट करा, काचेवर फ्रिजमधल्या पाण्याचा एक थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा, काचेच्या आतून धुकं दिसलं तर आत ओल आहे. घड्याळवाल्यांची जुनी युक्ती आहे ही.

पण खरी तपासणी झाकण उघडूनच. मशीनवर नाव, नंबर, स्क्रूंची डोकी, सगळं बघायचं. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील तर कोणीतरी अडाणी हात आत गेलाय. रोलेक्सच्या नेहमीच्या स्टील मॉडेलला मागे काच नसते, त्यामुळे मागून मशीन दिसणारी स्टीलची सबमरीनर कोणी आणली तर झाकण उघडायची तसदी घ्यायची गरजच नाही. उलट आतलं मशीनसुद्धा हुबेहूब बनवलेल्या फर्स्ट कॉप्या आता येतात, म्हणून यूट्यूब बघून स्वतः ठरवू नका, जो रोज ही मशीनं उघडतो त्याला दाखवा.

टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळाची टिकटिक ऐकून मोजणाऱ्या यंत्रावर, लावायला सांगा. तीन आकडे बघायचे: रोजचा फरक, अँप्लिट्यूड (आतलं चाक किती अंश झुलतं) आणि बीट एरर (टिक आणि टॉक किती असमान आहेत). डायल वर ठेवून चांगल्या मशीनचा अँप्लिट्यूड साधारण २७० ते ३१० अंश येतो, २२० च्या खाली असेल तर सर्व्हिसचे पैसे किमतीतून कापून मागा. फक्त यंत्रात लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) नीट टाकायला हवा, रोलेक्सच्या ३१३५ मशीनला ५२, ओमेगाच्या २५०० को-ॲक्सियलला ३८, चुकीचा टाकला तर चांगलं घड्याळ आजारी दिसतं आणि आजारी घड्याळ पैलवान. आणि घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे धावत असेल तर घाबरू नका, बऱ्याचदा मोबाईलच्या स्पीकरने नाहीतर बॅगेच्या चुंबकाने लागलेलं असतं, डीमॅग्नेटाइज करायला दोन मिनिटं पुरतात. विकणाऱ्याला ते माहीत नसेल तर भाव करायला बरं पडतं, मी केलाय, खोटं कशाला बोलू.

रोख देणं आणि काहीच लिहून न घेणं

मे-जूनमध्ये आंब्याचे पैसे हातात असतात आणि तेव्हाच ही घड्याळं बाजारात फिरतात. दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीत घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला असला तरी तुमच्याकडे काय पुरावा राहतो? बँकेतून द्या. दुकानातून दहा लाखांच्या वरचं घेत असाल तर एप्रिल २०२५ पासून एक टक्का टीसीएस (दुकानदाराने विकतानाच घेतलेला आयकर) लागतो, तो रिटर्नमध्ये आपल्या खात्यावर दिसतो, त्याला घाबरून "कच्च्यात" घेऊ नका.

चोरीचं घड्याळ निघालं तर "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायला कागद लागतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमात बसतं, आणि बाजारभावाच्या निम्म्यात, बिलाशिवाय, रोखीत घेतलं तर जाणूनबुजून नव्हतं हे कोणाला पटवणार? म्हणून ब्रँड, मॉडेल नंबर, सिरियल, किंमत, विकणाऱ्याचं ओळखपत्र, "घड्याळ माझं स्वतःचं आहे" असं एक वाक्य आणि सही, स्टॅम्प पेपरवर. चोरीच्या घड्याळांची नोंद ठेवणाऱ्या साइट आहेत, द वॉच रजिस्टर फी घेऊन सिरियल शोधून देतं, आणि एन्क्वायरस म्हणून रिशमाँट ग्रुपने २०२३ मध्ये काढलेली फुकट आहे. ओळखीतला माणूस असेल तर हे मागायला लाज वाटते, मलापण वाटली होती. ती लाज मला घड्याळाच्या जवळजवळ अर्ध्या किमतीला पडली.

भावाबद्दल एवढंच की नुसतं घड्याळ फुल सेटपेक्षा साधारण दहा ते वीस टक्के कमीत मिळायला हवं, आणि विकताना तुमच्याकडूनही तेवढेच कापले जातील. पाच टक्के कमी करून उपकार केल्यासारखं बोलणारा भेटला तर थांबा.

घेऊन बसलात, आता काय?

आधी त्याच दिवशी सिरियलचे, मशीनचे, झाकणाच्या आतल्या बाजूचे फोटो काढा. मग जमलं तर मुंबईला अधिकृत सर्व्हिस सेंटरला टाका. महाग पडतं, पण ते खोट्या घड्याळाला हात लावत नाहीत आणि त्यांच्या बिलावर सिरियल असतो, म्हणजे हरवलेल्या कागदांच्या जागी निदान एक खरा कागद येतो. रोलेक्सच्या सर्व्हिसवर दोन वर्षांची गॅरंटी असते. जुनं घड्याळ असेल तर टाकतानाच लिहून द्या की डायल-काटे बदलायचे नाहीत, पॉलिश करायचं नाही, नाहीतर ते प्रेमाने सगळं नवीन करून देतात आणि जुनेपणाची किंमत तिथेच संपते.

आणि घड्याळावर पाण्याच्या खोलीचे कितीही मीटर लिहिलेले असू देत, रबर रिंगा बदलून प्रेशर टेस्ट होईपर्यंत मालवणला स्कूबाला घालून जाऊ नका, पावसात बाईकवरपण नको. माझं ते सीमास्टर शेवटी काकांनीच उभं केलं, दुसऱ्या एका मेलेल्या घड्याळाचे पार्ट घालून, आता दिवसाला सात सेकंद पुढे जातं. विकायचं झालं तर आतले पार्ट कुठले आणि गाळ कधी निघाला हे सगळं सांगून विकावं लागेल, म्हणून ते माझ्याच हातात आहे.