राज्याच्या सीमेपलीकडे साप पकडायला धावताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की रात्री दहानंतर माझा फोन सुरू होतो. निम्मे फोन सापासाठी, निम्मे सापवाल्या पोरांचे. त्यातला एक प्रश्न ठरलेला: "दादा, गोव्यात पेडण्याला मित्राकडे नाग निघालाय, तो एकटाच आहे, मदतीला जाऊ ना? सर्पमित्र संस्थेचं कार्ड आहे माझ्याकडे." सिंधुदुर्गात राहणाऱ्याला गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी म्हणजे अंगणच. कोल्हापूर-चंदगडच्या पोरांचं बेळगावच्या बाबतीत तेच. पण हे अंगण दुसऱ्याचं आहे, हे कितीदा सांगायचं?

पहिली आणि माझी सगळ्यात नावडती चूक: आपली परवानगी सगळीकडे चालते असं धरून चालणं.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा, देशभर एकच, म्हणून पोरांना वाटतं परवानगीही एकच. कायदा केंद्राचा असला तरी प्रत्येक राज्याचा मुख्य वन्यजीव रक्षक वेगळा, आणि वन्यप्राणी पकडायची परवानगी त्याच्या हातात. आपला बसतो नागपूरला, गोव्याचा पणजीला, कर्नाटकचा बंगळूरला. नागपूरच्या कागदावर पणजीची सही नसते. आणि कायद्यातल्या 'शिकार' या शब्दात पकडणंही येतं. "मी कुठे मारतोय, वाचवतोय" हे वाक्य तिथे ऐकून घेतलं जात नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वीची जुलैमधली रात्र. पाऊस असा की वायपर हरले होते. पलीकडच्या गावातला माझा दोस्त, साप पकडण्यात माझ्यापेक्षा जुना, पण हात प्लॅस्टरमध्ये. शेजाऱ्याच्या फ्रिजमागे नाग. हुक, पाइप, पिशवी घेऊन मी निघालो. नाग कॉम्प्रेसरला बिलगून बसलेला, उबेला. पिशवी पाइपाच्या एका टोकाला बांधली, दुसरं टोक त्याच्यासमोर धरलं आणि हुकाने शेपटीकडून हलकंच टोचलं. अंधारं बीळ दिसल्यावर तो आपणहून आत गेला. वीस मिनिटांचं काम. घरातल्या आजींनी नारळ हातात दिला, मी फुशारलो.

एवढ्या पावसात कुठे सोडायचा, सकाळी आपल्या बाजूच्या रानात सोडू, असं म्हणून पिशवी डब्यात ठेवली, डबा डिकीत, आणि परत फिरलो. गोव्याहून मध्यरात्री येणारी गाडी नाक्यावर का अडवतात, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. शिपायाने डिकी उघडायला लावली. डब्यात काय? मी खरं तेच सांगितलं. त्याला वाटलं चेष्टा करतोय. त्याने झाकणावर टिचकी मारली. आतून जो फूत्कार आला, त्यानंतर तो शिपाई मला पहाटेपर्यंत पुन्हा डिकीजवळ दिसला नाही.

वनखात्याचे साहेब आले, रेनकोट न काढताच विचारलं, "हा नाग कोणाचा?"

"कोणाचाच नाही साहेब, जंगली आहे."

"गोवा सरकारचा आहे. आणि तू तो महाराष्ट्रात नेतोयस."

कलम ३९. वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता, आणि ज्या राज्यात पकडला त्या राज्याची. विनापरवाना वाहतुकीचा मुद्दा वेगळाच. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडीही सरकारजमा होऊ शकते, हे त्यांनी मला माझ्याच बॉनेटवर कोपर टेकवून सांगितलं. जबाब झाला, नाग आल्या बाजूला परत गेला. मला बोलणी खाऊन घरी जायला मिळालं ते त्या माणसाच्या भलेपणामुळे. आज तशी आशा धरू नका. १ एप्रिल २०२३ पासून कायद्याच्या नव्या अनुसूची, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या याद्या, लागू आहेत. नाग, घोणस, एवढंच काय धामणही पहिल्या, सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, दंड पंचवीस हजारांपासून पुढे.

"मी पकडणार नाही, नुसती बॅग धरतो." कलम ५२ वाचा. गुन्ह्याला साहाय्य करणाराही गुन्हेगारच. म्हणून फोन आला की माझा पहिला प्रश्न सापाबद्दल नसतो. "तुझ्याकडे तुझ्या राज्याचा कागद आहे का?" नसेल तर मी निघत नाही, त्याला तिथल्या वनखात्याचा नंबर लावायला सांगतो. (महाराष्ट्रात १९२६.) असेल तर तिथल्या वनक्षेत्रपालांना मी स्वतः फोन करतो, नाव आणि गाव सांगतो, आणि तिथे गेल्यावर हुकाला हात लावत नाही. टॉर्च धरतो, गर्दी मागे सारतो. पोरांना यात मजा वाटत नाही. नसू दे.

संस्थेचं लॅमिनेट केलेलं ओळखपत्र म्हणजे परवानगी नव्हे. गळ्यात घालायची नाडी चांगली असते, तेवढंच.

स्वसंरक्षणाचं कलम पुढे करू नका. कलम ११(२) जीव वाचवताना प्राणी मेला किंवा जखमी झाला त्यासाठी आहे, पिशवीत घालून तीस किलोमीटर नेण्यासाठी नाही.

रील. फणा हातात, मागे गोव्याच्या नंबरप्लेटची गाडी, वर गाणं. स्वतःविरुद्धचा पुरावा इतक्या हौसेने कोणी तयार करत असेल असं वाटत नाही.

दुसरी चूक, जिच्यावरून माझी मित्रांशीही भांडणं झाली आहेत: लांब नेऊन सोडणं. सीमाभागात हे सर्रास चालतं, कारण 'आपलं' जंगल दाट, तिलारीकडे नेला की पुण्य लागलं. कर्नाटकात आगुंब्याला नागराजांना (किंग कोब्रांना) ट्रान्समीटर बसवून अभ्यास झालाय. दूर नेऊन सोडलेला नागराज तिथल्या मूळच्या नागराजापेक्षा कितीतरी जास्त भटकत राहिला. त्याला बिळं माहीत नाहीत, पाणी माहीत नाही. ज्या गावात पकडला त्याच गावाच्या कडेला, वनरक्षकासमोर सोडा. मी वहीत वेळ, गाव, जात, अंदाजे लांबी आणि सोडल्याची जागा लिहितो, वनरक्षकाची सही घेतो. वही ओली होते, फाटते, तरी ॲपपेक्षा मला तीच बरी.

आणि कोणी म्हणेल की तामिळनाडूचे इरुळा, पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे आदिवासी, तर थेट अमेरिकेत फ्लोरिडापर्यंत गेले! गेले ना. २०१७ साली मासी सदयन आणि वडिवेल गोपाल अजगर शोधायला गेले ते तिथल्या वन्यजीव आयोगाच्या आणि विद्यापीठाच्या कार्यक्रमातून, रीतसर. घरीसुद्धा कोणते आणि किती साप पकडायचे, ते सरकार ठरवून देतं. २०२३ साली दोघांना पद्मश्री मिळाली. रात्री अकराला डिकीत डबा टाकून ते निघाले नव्हते.