गाईड पुण्याचं, गाव मराठवाड्यातलं: बीएच्या प्रोजेक्टमध्ये या चुका टाळा

बीएला समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र घेतलं की घरचे निर्धास्त होतात. "सोपे विषय आहेत, निघून जाशील." निघूनही जातो म्हणा. परीक्षेआधी गाईड आणि झेरॉक्सच्या दुकानातले इम्पॉर्टंट प्रश्न चाळले की पेपर भागतो. गाडी अडते ती प्रोजेक्टला आणि तोंडी परीक्षेला. बहुतेक गाईडांमध्ये मुंबई इलाख्याची गोष्टच अख्ख्या महाराष्ट्राची म्हणून छापलेली असते, आणि परभणी-बीडची पोरं तीच आपल्या गावाला चिकटवून मोकळी होतात.

कायदा कुठला, सन कुठला

कुळकायद्याचंच घ्या. 'कायदा 1948 चा, 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन' हे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास सापडतं. ते जुन्या मुंबई राज्याच्या भागापुरतं बरोबर आहे. मराठवाडा तेव्हा हैदराबादकडे होता. इथे लागू झाला तो 1950 चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. तुमच्या पणजोबांना कुळ म्हणून जमीन मिळाली असेल, तर 1948 च्या कायद्याचं कलम लावून काहीच जुळणार नाही.

'स्वातंत्र्याच्या काळात' हेही असंच घसरतं. गावातल्या नव्वदीच्या आजोबांना विचारा, ते रझाकारांचं आणि पोलीस ॲक्शनचं सांगतील. पोरगं वहीत लिहितं 1947. इथला मुक्तिदिन 17 सप्टेंबर 1948 चा; द्विभाषिक मुंबई राज्यात आपण आलो 1 नोव्हेंबर 1956 ला आणि महाराष्ट्रात 1 मे 1960 ला. मुलाखत लिहून काढताना आजोबांचे प्रसंग या तारखांशी ताडून पाहा.

निजामकाळातले कागद हाती लागले तर आणखी एक खड्डा आहे. भाषा उर्दू किंवा लिपी मोडी, ते वाचून घेता येतं. पण वर सन असतो फसली, म्हणजे महसुली वर्षाचा. जहागिरी रद्द करणाऱ्या कायद्यावर 1358 असा आकडा आहे. तो हिजरी समजलात तर 1939 साली पोचाल. कायदा आहे 1949 चा. हैदराबादेत फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कागदाला 590 मिळवा आणि पुढच्या महिन्यांना 591. कागदावर महिना दिसत नसेल तर 1358 साठी '1948-49' असंच लिहा.

आकडे उचलताना

1991 आणि 2001 ची जनगणना शेजारी ठेवली की परभणी जिल्ह्याची लोकसंख्या घटलेली दिसते. मग स्थलांतर, दुष्काळ, नापिकी अशी कारणांची माळ लागते. घटलं काही नाही, 1999 मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. जालना 1981 चा, लातूर 1982 चा. जुन्या आकड्यांशी तुलना करायची तर तालुकावार बेरीज करावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा रस्ता नाही.

बीडचा 807 हा आकडाही सर्रास चुकीचा वापरतात. 2011 च्या जनगणनेत तो 0 ते 6 वयाच्या मुलांचा आहे: हजार मुलग्यांमागे 807 मुली. 'हजार पुरुषांमागे 807 स्त्रिया' असं लिहिलंत की परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतात. आणि 2011 च्या आकड्यापुढे 'ताज्या आकडेवारीनुसार' लिहू नका, सरळ साल लिहा.

सर्व्हेला गेलात आणि घराला कुलूप

ऊसतोड कामगार हा मराठवाड्यातला सगळ्यात लाडका प्रोजेक्ट. विषय मोठा आहे, पण तो दिवाळीच्या सुट्टीत करायचं ठरतं आणि तोवर टोळ्या निघून गेलेल्या असतात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि काही पोरं. त्यांनाच प्रश्नावली भरायला लावून 'कामगारांची मतं' म्हणून जोडलं जातं. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. माणसं भेटायला हवी असतील तर उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात जा. हिवाळ्यातच जायचं असेल तर विषय बदला: मागे राहिलेल्यांचं घर कसं चालतं, हाही चांगला प्रोजेक्ट आहे.

प्रश्नावली मात्र आधी घरी बसून नीट वाचा. त्यात एक रकाना असतो 'व्यवसाय' आणि एक 'मासिक उत्पन्न'. बाई सांगते, 'घरकाम'. उत्पन्नापुढे रेघ. ती बाई वर्षातले पाच-सहा महिने उसाच्या फडात मोळ्या बांधून डोक्यावर वाहते. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एकच 'कोयता' मोजला जातो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते, टोळी नेणाऱ्या मुकादमाशी बोलणी बहुधा नवराच करतो, हिशोबही त्याच्याच नावावर फिटतो. तिची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही, मग ती सांगणार काय? मासिक उत्पन्न विचारूच नका. विचारा: यंदा उचल किती घेतली, कुणाच्या हातात आली, किती फिटली, किती अंगावर राहिली, फडात कुणी काय काम केलं. एवढ्यातून जे निघेल ते गाईडात सापडायचं नाही.

सगळ्यांची उत्तरं एकसारखी आली तर खूश होऊ नका, बसण्याची जागा चुकली असेल. सरपंचांच्या ओसरीवर बसून 'गावात जातिभेद पाळतात का' विचारलं तर सगळे 'नाही बा' म्हणणारच. पाणी कुठून भरता, मसणवटा एकच आहे का, लग्नाच्या पंगतीत कोण कुठे बसतं, हे ज्याच्या त्याच्या घरी जाऊन विचारा. वही-पेन दिसलं की 'घरकुलाची यादी आहे का?' असा प्रश्न येतोच. कॉलेजचं काम आहे आणि यातून काही मिळणार नाही, हे पहिल्यांदाच सांगून टाका. नाहीतर उत्पन्न खाली जातं आणि छप्पर गळायला लागतं.

एमपीएससीच्या नादात कॉलेजचं वर्गकाम सोडणाऱ्यांसाठी एवढंच: राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे आणि वैकल्पिक विषयही आहे. बीएचा विषय तिथेही उपयोगी पडू शकतो.

जमा करायची तारीख उद्यावर आली असेल तर

ठरलेल्या शंभरपैकी भरलेल्या प्रश्नावल्या वीस आणि शीर्षक 'मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचा समाजशास्त्रीय अभ्यास', अशी वेळ आली तर उरलेल्या ऐंशी घरी बसून भरू नका. एकाच हाताचं अक्षर आणि एकाच पेनाची शाई सरांच्या लगेच लक्षात येते. शीर्षक आखूड करा: अमुक तांड्यावरची वीस कुटुंबं, अमुक हंगाम. पद्धतीच्या प्रकरणात कोण भेटलं, कोण भेटलं नाही आणि का, हे चार ओळींत लिहा. तोंडीला बहुतेक प्रश्न त्याच चार ओळींवर येतात.