पारलिंगी मूल वयात येताना: कोल्हापुरातील पालकांसाठी मार्गदर्शन

मुलगी म्हणून वाढलेले मूल दहाव्या-अकराव्या वर्षी ‘मी मुलगा आहे’ असे ठामपणे सांगते, किंवा मुलगा म्हणून वाढलेले मूल आवाज फुटण्याच्या नुसत्या कल्पनेने हवालदिल होते, तेव्हा पालकांनी सर्वप्रथम मुलाचे शरीर वयात येण्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे याची माहिती करून घ्यावी. मुलींमध्ये हे बदल साधारणपणे 8 ते 13 आणि मुलांमध्ये 9 ते 14 या वयात सुरू होतात. मुलींमध्ये स्तनाग्राखाली लहानशी गाठ हाताला लागणे आणि मुलांमध्ये वृषणांचा आकार वाढू लागणे ही त्याची पहिली खूण होय. पाळी त्यानंतर बहुधा दोन-अडीच वर्षांनी येते. ही खूण दिसण्यापूर्वी लिंगभावासाठी, म्हणजे आपण मुलगा की मुलगी या मनातल्या जाणिवेसाठी, कोणतेही औषध दिले जात नाही. त्या काळात मुलाचे म्हणणे ऐकून घेणे, त्याला हवे तसे केस व कपडे ठेवू देणे आणि त्याच्यावर लक्ष ठेवणे एवढेच करायचे असते.

तपासणीची सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडूनच करावी, कारण मुलाची उंची, वजन आणि वाढीचा आलेख त्यांच्याकडे असतो. त्यानंतर सीपीआर रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात लिंगभावातील विसंगती मानसिक आजारांच्या यादीत नाही. तरीही ही भेट आवश्यक आहे, कारण मुलाची ही जाणीव किती काळापासूनची आहे, सोबत नैराश्य, स्वमग्नता किंवा शाळेतील छळ आहे का, हे एका बैठकीत कळत नाही. ‘दोन महिन्यांत सरळ करून देतो’ असे सांगणाऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा जाऊ नये. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये अशा ‘उपचारांना’ व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे.

यानंतर लहान मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. या विषयाचा अनुभव असलेले तज्ज्ञ पुणे-मुंबईत शोधावे लागतील, असे गृहीत धरून खर्चाची व रजेची तयारी ठेवावी. तिथे वयात येणे थांबवणाऱ्या औषधांचा विषय निघेल. ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनची इंजेक्शने महिन्याने किंवा तीन महिन्यांनी देतात आणि ती बंद केल्यावर वयात येण्याची क्रिया पुन्हा सुरू होते. फुटलेला आवाज किंवा वाढलेले स्तन मात्र औषधाने मागे फिरत नाहीत, म्हणून वेळेला महत्त्व आहे. दुसरीकडे, या औषधांच्या काळात हाडांची घनता अपेक्षेप्रमाणे वाढत नाही, आणि पुढे मुलाला हव्या असलेल्या लिंगाचे हार्मोन सुरू केल्यास अपत्यप्राप्तीच्या शक्यतेवर परिणाम होऊ शकतो. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेने मागवलेल्या 2024 च्या कॅस अहवालाने या उपचारांमागील पुरावा तोकडा ठरवला आणि या कारणासाठी अठरा वर्षांखालील मुलांना नव्याने ही औषधे देणे तिथे संशोधनाबाहेर थांबले. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना मात्र नीट तपासणी झालेल्या मुलांसाठी ती योग्य मानतात. हा मतभेद डॉक्टरांनी स्वतःहून सांगितला नाही, तर पालकांनी विचारावा. हाडांची तपासणी कधी होईल आणि औषध केव्हा व कशावरून थांबवले जाईल, हेही लिहून घ्यावे. उपचार घेतले नाहीत तरी पाळीचा त्रास असह्य असल्यास ती थांबवण्याच्या गोळ्यांबाबत डॉक्टरांशी बोलता येते. मुले कधीकधी मैत्रिणीच्या सांगण्यावरून मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून गुपचूप घेतात. त्यातून रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, म्हणून न रागावता याची विचारपूस करावी.

घरातील वडीलधाऱ्यांची समजूत काढणे हे डॉक्टर शोधण्याहून अवघड ठरते. आपल्या भागात सौंदत्तीच्या यल्लम्माची भक्ती घराघरांत आहे. त्यामुळे आजी ‘देवीचं आहे, पोराला तिला सोडावं लागेल’ असे म्हणू शकते, मामा देवऋषीचा पत्ता आणू शकतात. आजीच्या श्रद्धेशी वाद घालण्यात काही हशील नाही. ‘देवीला नमस्कार करू, पण मूल आपल्याच घरात राहील आणि शाळेत जाईल’ हे आईवडील दोघांनी एकाच सुरात सांगावे. 2019 च्या पारलिंगी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यानेही, पारलिंगी असल्याच्या कारणावरून मुलाला न्यायालयाच्या आदेशाशिवाय आईवडिलांपासून वेगळे करता येत नाही, असे म्हटले आहे. कुणाला सांगायचे आणि कुणाला नाही, हे मात्र मुलाला विचारूनच ठरवावे. लग्नाकार्यात आत्याच्या कानावर घातलेली गोष्ट जेवणाच्या पंगती उठेपर्यंत सगळ्या भावकीत पोहोचते.

शाळेत मुख्याध्यापकांना एकांतात भेटून वेगळे स्वच्छतागृह वापरू देण्याची विनंती करावी, कारण स्वच्छतागृह टाळण्यासाठी दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुलांना लघवीचा संसर्ग होतो. छाती लपवण्यासाठी क्रेप बँडेज घट्ट बांधू देऊ नये. त्याने श्वास कोंडतो व फासळ्या दुखतात, त्याऐवजी व्यवस्थित मापाची स्पोर्ट्स ब्रा किंवा सैल शर्ट चालतो. मूल जेवण सोडू लागले, स्वतःला इजा करू लागले किंवा मरणाची भाषा बोलू लागले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, त्याला एकटे सोडू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्रीही बोलता येते.